परक्या धावपट्टीवर

माणदेशात पाऊस थोडा आणि आभाळ मोठे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत पडलेल्या या मुलखात वर्षातले बहुतेक महिने दृष्टीला ढगांचा अडसर नसल्यामुळे, माणगंगा ज्या उघड्या माळांतून दहिवडीवरून म्हसवडकडे उतरत जाते त्या माळांवर मेंढरे राखणाऱ्या पोरालाही एखादे शिकाऊ विमान कोसभर आधी दिसते, आणि ते दिसेनासे होईपर्यंत त्याची नजर त्याच्या मागे जाते. माण तालुक्याला स्वतःचा विमानतळ नाही. परंतु उत्तरेला बारामती, नैर्ऋत्येला कराड, पूर्वेला सोलापूर, दक्षिणेला सांगलीजवळ कवलापूरची आता निरुपयोगी होऊन पडलेली धावपट्टी आणि तिच्याही पलीकडे कोल्हापूरचे उजळाईवाडी, असा लहानमोठ्या धावपट्ट्यांचा एक वेढाच या दुष्काळी पठाराभोवती गेल्या शतकात पडत गेला. विमान म्हटले की आपण मान वर करतो, आणि या व्यवसायाचा इतिहास लिहिणाऱ्यांनीही बहुधा तेच केले आहे. उंचीचे, वेगाचे आणि अंतराचे विक्रम त्यांनी नोंदवून ठेवले. परंतु विमान आपल्या जागेवरून निघून धावपट्टीच्या तोंडापर्यंत चाकांवर जाते, किंवा उतरल्यावर परक्या आवारात आपली जागा शोधत फिरते, त्या दहा-पंधरा मिनिटांकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. वस्तुतः वैमानिकांच्या पिढ्यांनी सर्वांत महाग किंमत मोजून जे काही शिकून घेतले, त्याचा मोठा भाग या जमिनीवरच्या चालीचा आहे, आणि अनोळखी विमानतळावरच्या चालीचा तर विशेषच.

प्रारंभीच्या काळात धावपट्टी ही वस्तूच नव्हती. विमानतळ म्हणजे एक सपाट, मोकळे मैदान. त्याच्या मध्यभागी चुन्याने आखलेले एक मोठे वर्तुळ, जवळच तितक्याच मोठ्या अक्षरांत गावाचे नाव, आणि एका खांबावर वाऱ्याने फुगणारी कापडी पिशवी. वारा ज्या दिशेने येत असेल त्या दिशेला तोंड करून उतरावे किंवा उडावे, एवढाच शिरस्ता असे. मुंबईतले जुहूचे मैदान 1928 साली अशाच स्थितीत सुरू झाले, आणि त्याच वर्षी तेथे बॉम्बे फ्लाइंग क्लबची स्थापना झाली. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन अहमदाबादमार्गे ज्या जमिनीवर उतरले ती हीच, आणि नेव्हिल व्हिन्सेंट त्याच थैल्या घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासकडे रवाना झाले तेही येथूनच. ही खाजणाची जमीन पावसाळ्यात इतकी दलदलीची होई की चार महिने टाटांना आपली टपालसेवा पुण्याला हलवावी लागे. भारतातल्या नियमित विमानसेवेला पहिल्याच वर्षी जो प्रश्न भेडसावला तो आकाशाचा नव्हता, चाकांखालच्या चिखलाचा होता, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

त्या काळची विमाने जमिनीवर चालवणे ही स्वतंत्र विद्याच होती. क्लबांच्या पदरी असलेली मॉथ जातीची विमाने, आणि पुढे त्यांच्याच घराण्यातले टायगर मॉथ, जमिनीवर उभी असताना शेपटीवर बसत आणि नाक आभाळाकडे करीत. मागच्या आसनावर बसलेल्या वैमानिकाला समोर इंजिन आणि त्याच्या पलीकडे आकाश यांखेरीज काहीच दिसत नसे. चाकांना ब्रेक नसत. शेपटीखाली चाकाऐवजी एक लोखंडी पट्टी असे, ती जमिनीत रुतून ओढली जाई आणि तेवढाच काय तो वेगाला लगाम. म्हणून वैमानिकाने सरळ कधी जायचेच नाही, थोडे डावीकडे वळून उजव्या बाजूने पुढचे पाहून घ्यावे, मग उजवीकडे वळून डाव्या बाजूने पाहावे, असे नागमोडी जावे, हा त्या पिढीचा पहिला धडा होता. वारा जोराचा असला तर दोन माणसे पंखांच्या टोकांना धरून विमानाबरोबर चालत. पाय सुकाणूच्या पट्ट्यांवर, एक हात इंजिनाच्या दट्ट्यावर, दुसरा हात दांड्यावर आणि तो दांडा वाऱ्याच्या दिशेप्रमाणे सतत बदलत ठेवायचा, नाही तर मागून आलेला झोत शेपूट उचलून विमान नाकावर पाडायचा. वेग माणसाने भरभर चालावे एवढाच ठेवायचा. पुढे ब्रेक आले, नाक जमिनीला समांतर झाले, आणि समोरचे सारे दिसू लागले. परंतु भरभर चालण्याइतका वेग हे माप आजही शिकवणारा शिकणाऱ्याला सांगतो, आणि वर्दळीच्या जागी त्याहून अधिक वेग घेणारा विद्यार्थी कोणत्याही चांगल्या शिक्षकाच्या हातून सुटत नाही.

रेडिओ नसलेल्या त्या विमानांना हुकूम द्यायचा कसा, याची तजवीज मोठी सुरेख होती. मनोऱ्याच्या पायथ्याशी एका चौकोनात जमिनीवर खुणा मांडलेल्या असत, आणि वरून घिरटी घालणाऱ्या परक्या वैमानिकाने त्या वाचून मगच उतरायचे असे. पांढरा टी ज्या दिशेला मांडला असेल त्या दिशेने उतरावे. लाल चौकोनावर दोन पिवळे कर्ण काढलेले दिसले तर उतरण्यास मनाई. आडवी पांढरी डंबेल दिसली तर मैदानावर कोठेही चाक टेकवू नये, केवळ पक्क्या पट्ट्यांचाच उपयोग करावा. जमिनीवर फिरणाऱ्या विमानासाठी मनोऱ्यातून दिव्याची खूण होई. लुकलुकता हिरवा म्हणजे चालू लागण्याची मुभा, स्थिर हिरवा म्हणजे उड्डाणाची परवानगी, स्थिर लाल म्हणजे जागीच उभे राहा, लुकलुकता लाल म्हणजे उतरण्याच्या जागेतून तातडीने बाजूला व्हा, आणि लुकलुकता पांढरा म्हणजे निघालात तेथे परत जा. 1934 चा विमान अधिनियम आणि त्याखालचे 1937 चे नियम यांनी आपल्याकडे या साऱ्या वहिवाटीला कायद्याचा आधार दिला. दिव्यांची ही भाषा आजही विद्यार्थ्याला पाठ करावी लागते, कारण रेडिओ बंद पडला तर तिच्याखेरीज दुसरी भाषा उरत नाही. उतरण्यापूर्वी जागेची रीत वाचून घ्यावी, ही या व्यवस्थेमागची दृष्टी होती, आणि माझ्या मते ती पुढच्या कोणत्याही यंत्राहून अधिक मोलाची होती.

मैदानाची जागा पक्क्या पट्टीने घेतली तेव्हा वाऱ्याप्रमाणे वाट निवडण्याची मुभा संकोचली. कोल्हापूरच्या छत्रपती राजाराम महाराजांनी 1939 च्या सुमारास उजळाईवाडीला विमानतळ उभारला. दुसऱ्या महायुद्धाने देशभर सैनिकी धावपट्ट्यांचे जाळे पसरले, सांताक्रूझचा तळ त्याच धामधुमीत वाढला आणि स्वातंत्र्यानंतर मुलकी वाहतुकीसाठी खुला झाला. आणि 1950 नंतरच्या दशकात, कोयनेच्या धरणाची उभारणी सुरू असताना, सार्वजनिक बांधकाम खात्याने कराडजवळ सुमारे तेराशे मीटर लांबीची धावपट्टी बांधली. मैदानावर वैमानिक वाऱ्याकडे पाहून आपली वाट निवडीत असे. आता वाट एकच, दोन टोकांची, आणि ती सर्वांनी वाटून घ्यायची. तिला आकडेही पडले. पट्टीची चुंबकीय दिशा जवळच्या दहा अंशांपर्यंत मोजून शेवटचे शून्य गाळावे आणि उरलेला आकडा टोकावर पांढऱ्या रंगात लिहावा, म्हणजे पूर्वेकडे तोंड असेल तर 09 आणि पश्चिमेकडे असेल तर 27, ही पद्धत रूढ झाली. 1951 साली आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने विमानतळांच्या रचनेविषयीचे चौदावे परिशिष्ट स्वीकारले, आणि जगभरच्या विमानतळांच्या खुणा हळूहळू एका लिपीत येऊ लागल्या.

कराडसारख्या लहान पट्ट्यांचे एक वैशिष्ट्य येथे थोडे थांबून सांगितले पाहिजे, कारण पुढच्या साऱ्या विवेचनाचा तो गाभा आहे. मोठ्या विमानतळावर धावपट्टीला समांतर असा विमानांच्या येण्याजाण्याचा स्वतंत्र मार्ग असतो. लहान पट्टीला तो बहुधा नसतो. विमाने उभी करण्याच्या जागेतून एक आखूड फाटा निघतो आणि तो थेट धावपट्टीलाच मिळतो. ज्याला दूरच्या टोकावरून उडायचे आहे त्याने धावपट्टीवरूनच चालत त्या टोकापर्यंत जावे, तेथे गर्रकन वळावे आणि मग धाव घ्यावी. उतरणाऱ्यानेही थांबल्यावर तसेच वळून आलेल्या वाटेने परतावे. म्हणजे तितकी मिनिटे हे मंदगती विमान अशा जागी असते, जेथे दुसरे विमान शंभर कोसांचा प्रवास करून नेमके त्याच क्षणी उतरू पाहत असेल. अशा ठिकाणी मोठ्या विमानतळांसारखा नियंत्रकांचा मनोरा नसल्यास वैमानिकांनी रेडिओवर एकमेकांना आपली जागा आणि आपला हेतू सांगत राहावे, आणि सांगून झाल्यावरही डोळ्यांनी दोन्ही टोके पाहून मगच पट्टीवर चाक ठेवावे, हाच काय तो बंदोबस्त.

त्यात माणसांची आणि गुरांची भर पडते. दुष्काळी मुलखात एवढी सपाट, मोकळी, गावालगतची जागा रिकामी पडून राहणे हीच गोष्ट लोकांच्या मनाला पटत नाही. कडेच्या गवतावर शेळ्या चरतात, पहाटे पोरे धावण्याचा सराव करतात, आणि कुंपण तुटलेल्या जागेतून नित्याची पायवाट पडते. हा दोष मी गावकऱ्यांच्या माथी मारणार नाही. ज्या जमिनीवर वर्षातून थोडेच दिवस वर्दळ असते ती जमीन धोक्याची आहे हे खुणेवाचून आणि कुंपणावाचून कोणालाही कळावे अशी अपेक्षाच अन्यायाची आहे. धोका मात्र खरा आहे, आणि तो लहान पट्ट्यांपुरता नाही. छत्रपती संभाजीनगर तेव्हा औरंगाबाद होते; तेथल्या चिकलठाणा विमानतळावरून 26 एप्रिल 1993 रोजी निघालेले इंडियन एअरलाइन्सचे बोइंग धावपट्टीच्या पलीकडच्या रस्त्यावरून कापसाच्या गासड्या घेऊन चाललेल्या ट्रकवर आदळले. विमानात 118 माणसे होती, त्यांतली 55 दगावली. 15 फेब्रुवारी 2020 रोजी पुण्याहून दिल्लीला निघालेल्या विमानाच्या वैमानिकाला भर धावेत समोर जीप आणि माणूस दिसला. त्याने वेळेआधीच विमान उचलले, त्यात शेपटीचा भाग जमिनीला घासला, पण विमान दिल्लीला सुखरूप पोहोचले.

आता परकेपणाकडे वळू. महाराष्ट्रात या विषयाचे सर्वांत गाजलेले उदाहरण जुहू आणि सांताक्रूझ या जोडीचे आहे. दोन्ही विमानतळ एकमेकांपासून हाकेच्या नाही, तरी दृष्टीच्या टप्प्यात. दोहोंच्या मुख्य धावपट्ट्या जवळजवळ पूर्व-पश्चिम, आकड्यांतला फरक अवघ्या एकाचा. आणि समुद्रावरून येणाऱ्या विमानाला आधी दिसते ते जुहू. 15 जुलै 1953 रोजी बीओएसीचे कॉमेट, म्हणजे त्या काळचे जगातले सर्वांत आधुनिक जेट प्रवासी विमान, सांताक्रूझ समजून जुहूला उतरले, आणि त्या आखूड पट्टीवरून त्याला पुन्हा उडवून नेण्यास नऊ दिवस लागले. या घटनेला एकोणीस वर्षे उलटल्यावर, 24 सप्टेंबर 1972 रोजी, लंडनहून टोकियोकडे निघालेल्या जपान एअरलाइन्सच्या डीसी-8 ने हीच चूक केली. सांताक्रूझची पट्टी तीन किलोमीटरांहून अधिक लांब, जुहूची जेमतेम अकराशे मीटर. विमान पट्टी ओलांडून पलीकडे गेले आणि कायमचे निकामी झाले. प्राणहानी झाली नाही, हे सुदैव. या दोन्ही विमानांचे वैमानिक अननुभवी नव्हते. मुंबई त्यांना नकाशावर पाठ होती, डोळ्यांना नव्हती. आणि माणसाच्या मनाचा असा स्वभाव आहे की ज्याची आपण वाट पाहत असतो त्याच्यासारखे काही दिसले की तेच ते, असे ते ठरवून मोकळे होते, आणि मग विरुद्ध जाणारा पुरावाही आपल्या बाजूने वाचू लागते.

उतरताना झालेली चूक निदान एका विमानापुरती राहते. जमिनीवर चालताना वाट चुकली तर दुसऱ्याच्या वाटेत जाऊन उभे राहावे लागते, आणि तेथे अनर्थाला सीमा राहत नाही. 27 मार्च 1977 रोजी कॅनरी बेटांतल्या एका विमानतळावर स्फोट झाल्यामुळे अनेक मोठी विमाने शेजारच्या टेनेरीफ बेटावरील लॉस रोदेओस या लहान विमानतळाकडे वळवावी लागली. तेथे समांतर मार्गावर विमानांची इतकी दाटी झाली की निघणाऱ्या विमानांना धावपट्टीवरूनच चालत दुसऱ्या टोकाला जावे लागले. म्हणजे त्या दिवशी त्या विमानतळाची अवस्था आपल्या लहान पट्ट्यांसारखीच झाली होती, फरक एवढाच की चालणारी विमाने बोइंग 747 होती. पॅन अमच्या विमानाला धावपट्टीवरून येऊन तिसऱ्या फाट्याने बाजूला होण्यास सांगितले होते. त्याच्या वैमानिकांना तो विमानतळ परिचयाचा नव्हता, धुके दाट होते, आणि तो फाटा त्यांच्या हातून मागे राहिला. दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या केएलएमच्या कप्तानाने उड्डाणाची परवानगी मिळाली असे समजून धाव घेतली. 583 माणसे गेली. नागरी विमान वाहतुकीच्या इतिहासात अपघाताने इतके बळी दुसऱ्या कोठेही घेतलेले नाहीत, आणि हा अपघात घडला तेव्हा एक विमान चालत होते आणि दुसऱ्याने जमीन जेमतेम सोडली होती. त्यानंतर रेडिओवरच्या बोलण्याची रीत बदलली. 'टेक-ऑफ' हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा, इतर वेळी 'डिपार्चर' म्हणायचे, आणि धावपट्टीसंबंधीचा प्रत्येक आदेश वैमानिकाने शब्दशः परत म्हणून दाखवायचा, हा दंडक जगभर घट्ट झाला.

तथापि लहान विमान आणि अनोळखी विमानतळ यांचा अगदी नेमका प्रसंग पाहायचा तर तो इटलीतल्या मिलान शहराच्या लिनाते विमानतळावरचा आहे, आणि तो मी थोड्या तपशिलाने सांगतो, कारण त्यात कोणीही राक्षसी चूक केलेली नाही. 8 ऑक्टोबर 2001 ची सकाळ दाट धुक्याची होती. लहान विमानांच्या पश्चिमेकडच्या तळावरून दोन जर्मन वैमानिकांनी एक सेसना सायटेशन जेट पॅरिसला जाण्यासाठी बाहेर काढले. त्यांना उत्तरेकडे जाणारा आर-5 हा मार्ग सांगितला होता. तो धावपट्टीच्या टोकाला वळसा घालून पलीकडे नेतो. तळाच्या तोंडाशीच पिवळ्या रेघेला दोन फाटे फुटत. एक आर-5 चा, दुसरा आर-6 चा, आणि हा दुसरा आग्नेयेकडे जाऊन सरळ धावपट्टीला छेद देई. फलक अपुरे होते, खुणा पुसट होत्या. विमान आर-6 ने गेले. वाटेत एका खुणेचे नाव वैमानिकाने रेडिओवर सांगितलेही. परंतु ती खूण अधिकृत नकाशांवर नव्हती, म्हणून नियंत्रकाला तिचा बोध झाला नाही, आणि विमान उत्तरेच्या वाटेवर आहे या समजुतीनेच त्याने पुढे जाण्यास सांगितले. जमिनीवरच्या हालचाली दाखवणारे जुने रडार बंद होते आणि नवे अद्याप बसलेले नव्हते. थांब्याच्या रेघा आणि लाल दिवे ओलांडून ते धावपट्टीवर आले, त्याच वेळी कोपनहेगनला निघालेले एसएएसचे एमडी-87 पूर्ण वेगात होते. टक्कर झाली, मोठे विमान पुढे जाऊन सामान हाताळण्याच्या इमारतीवर आदळले. 118 माणसे मृत्युमुखी पडली, त्यांत त्या इमारतीत काम करणारे चौघेही होते.

या घटनेचा विचार करताना माझे मन त्या एका रेडिओ-संदेशापाशी पुन्हा पुन्हा अडखळते. वैमानिकाने आपली जागा सांगितली होती. ऐकणाऱ्याला ती कळली नव्हती. आणि दोघांपैकी कोणीही विमान उभे करून 'आपण नक्की कोठे आहोत' हा प्रश्न सोडवला नाही. आमच्या माणदेशातल्या धनगरांची एक रीत येथे आठवते. दिवाळीच्या आसपास मेंढरांचा वाडा घेऊन भीमेच्या काठाकडे किंवा कोकणाच्या बाजूला उतरणारा मेंढका परक्या गावाच्या शिवेवर आला की आधी कळप थांबवतो, एकटा पुढे जाऊन पाटलाला किंवा शेतधन्याला विचारतो, कोणत्या शेतात पीक उभे आहे, वाडा कोठे बसवायचा, पाण्यावर कोणत्या वाटेने जायचे, आणि सांगितलेले समजले नाही तर पुन्हा विचारतो. त्यात त्याला कमीपणा वाटत नाही, कारण न विचारता पुढे गेल्यास कोणाच्या उभ्या पिकाचा नाश होईल हे तो जाणतो. विमानाच्या व्यवसायात हा संकोच मोडायला फार वर्षे लागली. कप्तानाच्या गणवेशाचा दिमाख, नियंत्रकाचे घाईचे बोलणे, मागे रांगेत उभी राहिलेली विमाने आणि आपला अजाणतेपणा साऱ्या वारंवारतेवर ऐकू जाईल ही लाज, यांमुळे न कळलेल्या आदेशालाही 'रॉजर' म्हणून माणसे पुढे गेली.

आज जी रीत शिकवली जाते ती या लाजेवरच योजलेला उपाय आहे. परक्या विमानतळावर जायचे असेल तर आदल्या दिवशीच त्याचा नकाशा काढून पाहावा; धावपट्ट्यांचे आकडे, छेद, फाटे आणि चुकण्याजोग्या म्हणून खास वर्तुळाने दाखवलेल्या जागा डोळ्यांखालून घालाव्यात; तो कागद मांडीवर चिमट्याने लावावा. मिळालेला मार्ग लिहून घ्यावा आणि परत म्हणून दाखवावा. चाके फिरत असताना यादी वाचू नये, रेडिओची बटणे चाळू नयेत; जे वाचायचे ते उभे राहून वाचावे. पिवळी रेघ वाटेची आणि पांढरी धावपट्टीची, हे डोळ्यांत भिनलेले असावे. धावपट्टीच्या अलीकडे आडव्या चार पिवळ्या रेघा येतात, दोन अखंड आणि दोन तुटक. अखंड रेघा आपल्या बाजूला असतील तर परवानगीशिवाय त्या ओलांडायच्या नाहीत. तुटक आपल्या बाजूला असतील तर आपण धावपट्टीवरून बाहेर पडत आहोत आणि विमानाची शेपूटही त्यांच्या पलीकडे आल्याखेरीज बाहेर पडलो असे समजायचे नाही. लाल पाटीवर पांढरे आकडे दिसले की पुढे धावपट्टी आहे. काळ्या पाटीवर पिवळे अक्षर म्हणजे आपण ज्या वाटेवर आहोत तिचे नाव. आणि यांतले काहीही जुळेनासे झाले तर थांबावे आणि स्पष्ट सांगावे की मी या ठिकाणी नवखा आहे, मला पायरीपायरीने वाट सांगा. अशी मदत मागणे ही आता जगभर मान्य झालेली रीत आहे. मोठ्या विमानतळावरील नियंत्रक अशा विमानाला एकेक वळण सांगत नेतो, गरज पडल्यास पुढे गाडीही पाठवतो.

आपल्या मुलखात याचे महत्त्व दिवसेंदिवस वाढते आहे. बॉम्बे फ्लाइंग क्लबचे प्रशिक्षण जुहूच्या गर्दीतून धुळ्याला गेले. गोंदियाला आणि बारामतीला वैमानिक-प्रशिक्षण संस्था आल्या. कराडच्या पट्टीवरही प्रशिक्षणाची विमाने येऊन गेली. व्यावसायिक परवान्यासाठी विद्यार्थ्याला निदान तीनशे सागरी मैलांचे एक उड्डाण एकट्याने करावे लागते, आणि त्यात निघाल्या ठिकाणाखेरीज दोन निराळ्या विमानतळांवर उतरून पूर्ण थांबावे लागते. म्हणजे वीस-एकवीस वर्षांच्या, शेजारी शिक्षक नसलेल्या मुलाला किंवा मुलीला कायदाच परक्या धावपट्टीवर पाठवतो, आणि ते योग्यच आहे, कारण आयुष्यभर ज्या परिस्थितीत वावरायचे तिची ओळख विद्यार्थिदशेतच व्हायला हवी. उन्हाळ्यातल्या दुपारी, माळावरून वावटळी उठत असताना, डोंगरांच्या अलीकडची ती करडी पट्टी शोधून काढून नीट उतरल्यावर त्या विद्यार्थ्याचा जीव भांड्यात पडतो, आणि नेमक्या त्याच क्षणी त्याचे लक्ष सैल होते. अनुभवी शिक्षक म्हणूनच निघण्यापूर्वी बजावतात की इंजिन बंद होऊन पंखा थांबेपर्यंत उड्डाण संपले असे समजू नये.

कराडच्या धावपट्टीचा विस्तार करावा की नाही, यावर बरीच वर्षे वाद चालू आहे. जमीन देण्यास तेथल्या शेतकऱ्यांचा विरोध आहे, आणि बागायती जमीन गमावणाऱ्याच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. कवलापूरच्या पट्टीचे काय करावे याचीही चर्चा सांगलीकरांत अधूनमधून उठते. या चर्चांत लांबी किती, मोठे विमान उतरेल की नाही, मुंबईला किती वेळात पोहोचता येईल, एवढेच प्रश्न येतात. पट्टी लांब होवो वा न होवो, जी आहे तिच्याभोवती अखंड कुंपण असावे, गावाच्या नित्याच्या पायवाटेला वळसा घालून दुसरी वाट द्यावी, थांब्याच्या रेघा दर पावसाळ्यानंतर नव्याने रंगवाव्यात, वाऱ्याची पिशवी विटून फाटण्याआधी बदलावी, आणि जमिनीवर जी खूण असेल ती नकाशावर आणि नकाशावर जी असेल ती जमिनीवर सापडावी, यासाठी कोणाची एक गुंठाही जमीन घ्यावी लागत नाही. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या एखाद्या तालुका कचेरीच्या वार्षिक अंदाजपत्रकातही सहज बसेल एवढेच हे काम आहे, आणि विस्ताराच्या निकालाची वाट न पाहता ते या हिवाळ्यात हाती घेता येईल.